पुलावरची कॅप्टन

"बाई, तुम्ही शाळेत येऊन अंघोळ करता का?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि भिंगरीच्या मागे उभ्या असलेल्या दोघी मैत्रिणींनी श्वासच रोखला. पैज लावताना शिडीला आणि चष्मिसला स्वप्नातही वाटलं नव्हतं की ही पोरगी खरंच विचारेल. गेल्या वर्षापर्यंत 'हजर' म्हणताना जिचा आवाज घशात अडकायचा, ती आज रसायनशास्त्राच्या बाईंना भर व्हरांड्यात असलं काहीतरी विचारत होती!

पण प्रश्न सगळ्यांच्याच मनातला होता. सकाळपासून पाऊस नुसता कोसळत होता, वर बोचरा वारा. बसने आलेल्या मुली गुडघ्यापर्यंत चिंब. आणि बाई? बाई सायकलने आलेल्या. तरी केस जागच्या जागी, कपड्यांची इस्त्री कडक, बूट ठणठणीत कोरडे. जादूच की!

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. आता हिचं काही खरं नाही, असं पुटपुटत शिडी खांबाआड सरकली.

"अंघोळ नाही करत," बाई म्हणाल्या. "ये, दाखवते."

प्रयोगशाळेच्या मागच्या कपाटात बाईंचा छोटासा संसारच होता. टॉवेल, कोरड्या कपड्यांचा जोड, कंगवा, आणि खाली ओले बूट, तोंडापर्यंत रद्दी कोंबलेले.

"कागद पाणी ओढून घेतो. ओला झाला की बदलायचा," बाई सांगू लागल्या, आणि त्यांची कळी खुलली. वर्गात संयुगं शिकवतानासुद्धा त्या इतक्या रंगात येत नसत. "मोज्यांवर प्लॅस्टिकची पिशवी, मग बूट. हातमोजे दोन जोड, कारण ओला हातमोजा परत चढवण्यासारखी शिक्षा नाही. गटाराची लोखंडी झाकणं आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे पावसात लोण्यासारखे होतात, त्यांच्यावर वळायचं नाही. ब्रेक पहिल्यांदा दाबला की नुसतं चाकावरचं पाणी पुसलं जातं, म्हणून आधीपासून हलके हलके दाबत यायचं. आणि रेनकोटची टोपी मागे टाकायची. मान वळते, टोपी वळत नाही. बाजूला बघायला जावं तर टोपीचं अस्तर दिसतं! हेल्मेटखाली घट्ट कानटोपी, बास."

"बाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कॅप्टनने." बाई हसल्या. "पहिल्याच पावसात मी पुलावर सपशेल आडवी झाले. एका बाईने उठवलं, आधी सायकल तपासली, मग मला झाप झाप झापलं. तेव्हापासून आम्ही चार-पाच जणी रोज पुलाच्या तोंडाशी जमतो आणि तिच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून पूल ओलांडतो. नाव कुणी विचारलंच नाही. उद्या ये, भेट तिला."

भिंगरीच्या तोंडाला पाणी सुटलं. सायकलचं वेड तिला कधीपासूनचं, पण घरात त्या शब्दालाच बंदी होती. बाबा एकदा ओल्या रस्त्यावर सायकलवरून पडले होते. खांद्याचं हाड मोडलं, चष्म्याचं दुकान महिनाभर बंद. इस्पितळात एक्स-रे काढायचं काम आईचंच, त्यामुळे नवऱ्याच्या हाडाचा फोटो बायकोने काढला होता. त्या दिवशी बाबांनी घरादाराकडून वचन घेतलं, की या घरात आता सायकल नको. भिंगरीने विषय काढला की बाबांच्या आधी आईच कडाडायची, "या थंडीत सायकल? छाती भरेल, अंथरूण धरशील! गप बाबांबरोबर बसने जा."

दुसऱ्या दिवशी आई सकाळच्या भुरभुरीत पहिल्या पाळीला निघून गेली, तशी भिंगरी 'नाटकाची तालीम आहे' अशी थाप मारून बाबांच्या आधीच बाहेर पडली.

पुलाच्या तोंडाशी वारा सुया टोचत होता. भिंगरीने निळ्या रेनकोटची टोपी कपाळापर्यंत ओढली. पलीकडच्या बाजूला दोन-तीन सायकली थांबल्या होत्या. तिला वाटलं, तिथेच जाऊन उभं राहावं. तिने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं आणि रस्त्यात पाऊल टाकलं.

म्हणजे, पाहिलं असं तिला वाटलं. खरं तर दोन्हीकडे तिने टोपीचं अस्तर पाहिलं होतं.

घंटा खणखणली. ओले ब्रेक किंचाळले. पुढचं चाक तिच्या गुडघ्यापासून वीतभरावर येऊन थांबलं आणि वरून आवाज कडाडला, "ए ठोंबे! रस्ता काय तुझ्या मामाचा आहे?"

भिंगरी दचकली. पण चाकामुळे नाही. हे वाक्य तिने आयुष्यात हजारदा ऐकलं होतं. रस्त्यावर, बाजारात, घरच्या दारात. तिने टोपी मागे सारली.

पिवळा रेनकोट. पिवळ्या रेनकोटावर हेल्मेट. हेल्मेटखाली आई.

"आई?"

"तू?"

"तू इथे काय करतेस?" दोघी एकदमच ओरडल्या.

मागून आलेल्या बाई सायकलवरून उतरल्या. त्यांनी कॅप्टनकडे पाहिलं, भिंगरीकडे पाहिलं, दोघींची सारखी नाकं पाहिली आणि त्यांनी आ वासला. "अगं बाई!" एवढंच त्या म्हणाल्या, आणि बाकीच्यांना घेऊन गुपचूप पुढे गेल्या.

आईने सायकल कडेला घेतली. आधी भिंगरीचे गुडघे चाचपले, मग दंड, मग डोकं. "लागलं नाही ना? बघून चालता येत नाही? त्या टोपीतून काय दिसतं, कपाळ?"

"विषय बदलू नकोस! तू रोज सायकलने जातेस?"

"हं."

"कधीपासून?"

"सोडलीच कधी होती?" आई खाली बघत म्हणाली. "वचन दिलं खरं. दुसऱ्याच दिवशी बस अडकली, पेशंट खोळंबले. मग म्हटलं, आजच्या दिवस. सायकल इस्त्रीवाल्या मावशींच्या दुकानात असते."

भिंगरीला एकदम आठवलं. दाराशी आईचे बूट, रोज संध्याकाळी कागद कोंबलेले. 'आकार राहतो,' आई म्हणायची. आणि ती मान डोलवायची, बावळटासारखी!

"मग मला का नाही म्हणालीस? छाती भरेल, अंथरूण धरशील..."

"अगं, तू सायकलने निघाली असतीस तर याच पुलावर मला भेटली असतीस ना!" आई रडकुंडीला येऊन म्हणाली. "तुझ्या बाई माझ्यामागून येतात हे त्यांच्या बोलण्यातून कळलं, तेव्हापासून मी पालकसभेला पाऊल ठेवलं नाही. दर वेळी बाबांना पाठवलं. सांगू नकोस गं बाबांना."

बाजूने बस चिखल उडवत गेली.

मधल्या सुट्टीत सगळं ऐकून शिडीने टाळी मागितली. "तुझी तर चांदी झाली! आता आई तुझ्या मुठीत. सायकल माग, फोन माग, काय वाटेल ते माग!"

भिंगरीने टाळी दिली नाही. तिच्या डोळ्यांसमोरून आईचा खाली गेलेला चेहरा हलत नव्हता. पुलावर जिचा शब्द कुणी मोडत नाही, ती घरापाशी चोरासारखी उतरते. आणि मी त्या चोरीवर सायकल मिळवायची? छे!

रात्रीच्या जेवणाला बाबा खुशीत होते. "आज बसमधून एक बाई दिसली. पुलाच्या तोंडाशी, पिवळा रेनकोट, हातात सायकल. असल्या हवेत! घरी कुणी नाही का तिला अडवणारं? आणि शेजारी एक पोरगी, हुबेहूब तुझ्यासारखा निळा रेनकोट. मी म्हटलं, छे, आपलीची तर तालीम. काय गं, कशी झाली तालीम?"

भिंगरीने घास खाली ठेवला. तिने आईकडे पाहिलं नाही. तिने तोंड उघडलं, पण थाप जिभेवर येईना.

"आहे ना," आई म्हणाली.

"काय आहे?"

"तिला अडवणारं. घरी. तू."

बाबांच्या हातातला पेला टेबलावर आडवा झाला. पाणी धारेने खाली गळू लागलं, पण कुणी उठलं नाही. बाबांचा हात आपोआप जुन्या मोडलेल्या खांद्यावर गेला.

"रोज?" त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"रोज. तुझा खांदा मी आतून पाहिलाय. तू का घाबरतोस ते मला कळतं. पण मी पडत नाही रे. मी इतरांना उठवते."

बाबा आईकडे असे बघत राहिले, जणू एवढी वर्षं चुकीच्या नंबरचा चष्मा लावून बसले होते.

भिंगरी खुर्ची मागे सारून उभी राहिली.

"आता माझंही ऐका. माझी तालीम नव्हती, ती पोरगी मीच होते. आणि मी ठरवलंय. सोमवारपासून मी आईच्या मागून सायकलने शाळेत जाणार. चोरून नाही, सांगून. बाबा, तुम्ही बसच्या खिडकीतून बघा हवं तर. मी हात हलवेन... नाही, नाही हलवणार. ओल्या पुलावर दोन्ही हात हँडलवर."