गाडीत बिघाड नाही

या, जरा जवळ सरकून बसा. देवाच्या दयेनं दोन घटका हाती आहेत, तर एका गाडीची गोष्ट ऐका. गाडी जमिनीवरचीच, पण विमानवाल्याच्या घरातली.

कॅप्टनीणबाईंनी क्लच सोडला आणि गाडी पुन्हा उसळली. गॅरेजवाला चटकन बाजूला झाला.

"बघितलंस? लगाम तुटल्यासारखी पळते. आणि ब्रेकला नुसता पाय लावला तरी गचकन थांबते."

त्यानं बॉनेट उघडलं, चाकं ठोकली, गाडीखाली शिरून आला.

"काकू, गाडी ठणठणीत आहे. आता चालवणाऱ्याला तपासायचं तेवढं राहिलंय."

त्या हसल्या नाहीत. मग तोच ओशाळला. कॅप्टनना जाऊन महिनाही झाला नव्हता.

कॅप्टननी उभा जन्म विमान शिकवण्यात घातला. 'कॅप्टनीणबाई' हे नाव त्यांच्याच शिष्यांनी चिकटवलेलं. घरच्या गाडीच्या स्टिअरिंगला मात्र कॅप्टननी कधी हात लावला नाही. वर मी, खाली तू, अशी वाटणी. शेजारी बसायचे, धिप्पाड देह, सीट करकरायची, दोन्ही हात मांडीवर. बाई चुकल्या तरी हात जागचे हलत नसत. एकटीनं गाडी काढायची वेळच कधी आली नव्हती. विकून टाक आई, तुझं काम नाही ते, असं लेक फोनवर सांगून थकला होता. आज बाईंनाही ते पटू लागलं. गाडी बिघडलीय की आपण, हेच उमगेना.

कॅप्टनचा हेडफोन तेवढा ते विमान शिकवायचे त्या मैदानावर परत करायचा होता. येताना चावी तुझ्याच हाती देते, गिऱ्हाईक बघ, असं गॅरेजवाल्याला सांगून त्या निघाल्या.

मैदानावर कॅप्टनच्या जागी आता त्यांचीच एक शिष्या शिकवत होती. धावपट्टीच्या कडेला उभ्या विमानातून ती उतरली, आतल्या शिकाऊ मुलाला वाकून काही बोलली, दार लावून कुंपणाशी आली. विमान एकट्याला घेऊन धावलं आणि बघता बघता टुणकन वर गेलं.

"काय सांगितलंस गं त्याला?"

"सर सांगायचे तेच. मी उतरलो की विमान हलकं होईल, उसळेल. बिघडलंय असं वाटेल. बिघडलेलं नसतं; शेजारचं माणूस उतरलेलं असतं, एवढंच." ती वर बघतच म्हणाली, "पहिल्यांदा एकटं जाताना सगळ्यांचीच फसगत होते. तुम्हाला नाही सांगितलं कधी?"

बाईंनी हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"नाही. घरच्या गाडीतून ते कधी उतरलेच नाहीत ना."

परतताना गॅरेज आलं. गॅरेजवाला हात पुसत चावीसाठी पुढे झाला. बाईंनी काचेआडून नकारार्थी मान हलवली, क्लच सोडला. गाडी उसळली. त्यांनी ती उसळू दिली.

तर मंडळी, कधी तुमच्याही शेजारची सीट रिकामी दिसली, तर हात मांडीवर ठेवून बसणाऱ्या त्या माणसाची आठवण असू द्या.