जागच्या जागी ऊब

तनुजाचे वडील आण्णा गेल्यावरची ही पहिलीच थंडी, आणि तीही हाडं गोठवणारी. दौलताबादच्या मळ्यात आई एकटी, म्हणून तनुजा तिला बजाजनगरला आपल्या फ्लॅटवर न्यायला आली होती. तिने रात्रीच आईची पिशवी भरून ठेवली.

पहाटे जाग आली तर आईचं अंथरूण रिकामं. बाहेर आई, चतुराबाई, आण्णांची कानटोपी घालून पेरूच्या रोपांजवळ ओला पाला पेटवत होती. धूर रोपांवर पसरून राहिला की ती थंडीनं करपत नाहीत. आण्णांनी ती गेल्या पावसाळ्यात, दुखणं अंगावर काढत लावली होती.

"माय, खोकला बघ किती झालाय तुला. चल आजच. तिथं गिझर हाय, सगळं हाय."

"गिझरात बाग मावंल का तुझ्या?" चतुराबाई हसली. मग काटकीनं पाला सारत म्हणाली, "झाड काकडलं म्हणून कुणी उपटून घरात नेतं का, बाई? हाय तिथंच त्याला ऊब करतेत. मला बी उपटू नगं."

घरात जाऊन तनुजाने पिशवीतली लुगडी पुन्हा दांडीवर टाकली, नवऱ्याला फोन केला आणि पाल्याची पाटी घेऊन बाहेर आली.

"काय सांगितलंस जावईबापूंना?"

"थंडी सरेपर्यंत मीच राहते म्हणलं."

चतुराबाईनं पाटी घेतली आणि सरकून जागा केली. "इकडं बस. त्या अंगाला धूर येतो."