पट्ट्याखालचं लाकूड

तिने प्रयोगातल्या एका झाडाच्या खोडाभोवतीच्या पट्ट्यात बोट घालून पाहिलं आणि बोट सहज आत सरकलं. सरकायला नको होतं. पट्टा चांगला दोन-तीन भोकं सैल करून पुन्हा नीट अडकवलेला होता, जादा टोक आत खोचलेलं. हे काम कुणाचं, ते विचारायचीही गरज नव्हती. अख्ख्या रोपवाटिकेत शिंप्याची बोटं एकाच माणसाकडे होती.

बाबा बाकावर डबा उघडून बसले होते. दुकान बंद केल्यापासून घरी करमेना, म्हणून तिच्याबरोबर यायचे, झाडांना पाणी घालायचे आणि कुणी विचारलं नाही तरी सल्ला द्यायचे.

"बाबा, ह्याचा पट्टा तुम्ही सोडलात?"

"सोडला नाही, सैल केला. झाले की बरेच दिवस." त्यांनी घास संपवला. "वाढतं अंग आहे गं. कमरेला एवढं आवळलेलं मला बघवेना."

तिने कपाळाला हात लावला.

"किती वेळा सांगितलं तुम्हाला. पानं साखर तयार करतात, ती सालीतून खाली उतरते. सालीच्या आत एक जिवंत पापुद्रा असतो. तो थोडी साखर जाळून ताकद मिळवतो आणि बाकीच्या साखरेचं लाकूड घडवतो. पट्टा आवळला की साखर वरच अडकते. मग वर लाकूड भरपूर, खाली नावाला. एवढंच तर मला दाखवायचं होतं."

"म्हणजे खालच्याला उपाशी ठेवायचं."

"हो."

"आणि मी त्याला जेवायला घातलं."

तिला हसू येणार होतं, पण राग आधी आला. "माझी मेहनत पाण्यात घातलीत," ती म्हणाली. बाबांनी डब्याचं झाकण लावलं. दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत. म्हणे, गुडघा दुखतोय. गुडघा कसला दुखतोय, माणूस सरळ रुसला होता. तिलाही बोलल्याचं वाईट वाटत होतं, पण घरात दोघंही सारखीच हट्टी.

त्यात प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमचा प्रश्न मानगुटीवर बसलेला. "पट्ट्याखालचा पापुद्रा उपाशी आहे, की आवळल्याने मेलाय? मेला असेल, तर तुझ्या त्या साखरेच्या चयापचयाचा काय संबंध? याचं उत्तर नसेल, तर प्रबंध पुढे पाठवता येणार नाही." उत्तर नव्हतंच. आवळलेल्या झाडांचे काप एकामागून एक काचेवर चढत होते आणि सगळे तेच सांगत होते. पट्ट्याखाली चिमटलेल्या, पातळ भिंतींच्या पेशी. उपाशी म्हणा, मेलेल्या म्हणा.

बाबांच्या झाडाचा काप तिने शेवटी घेतला, तोही टाकून देण्याआधी एकदा बघावा म्हणून. सूक्ष्मदर्शकात आधी तीच किडकिडीत रांग दिसली. मग तिच्याबाहेर, नवं लाकूड चढतं त्या सालीच्या बाजूला, टपोऱ्या पेशींची नवी रांग. तिच्याबाहेर आणखी एक, जाड भिंतींची, कापाला दिलेला रंग पिऊन लालभडक झालेली.

पापुद्रा मेला नव्हता. भुकेला होता. साखर पोचल्याबरोबर कामाला लागला होता.

तिने धावत जाऊन मॅडमना बोलावून आणलं. मॅडम बराच वेळ भिंगाला डोळा लावून राहिल्या.

"पट्टा मध्येच सैल करायचं कुणी सुचवलं तुला?"

"आमच्या बाबांनी," ती म्हणाली, आणि मनापासून हसली.

"एका झाडावर भागणार नाही. आणखी काही सैल कर. प्रबंधाचं मग बघते मी."

संध्याकाळी बाबा खिडकीशी बसून, तिची चाहूल लागूनही बाहेर बघत होते. ती त्यांच्या शेजारी टेकली.

"बाबा, चुकलं माझं. उद्या येता का? आणखी पट्टे सैल करायचेत. तुमच्यासारखे मला जमत नाहीत."

बाबांनी मान वळवली. "सगळे?"

"थोडे. बाकीचे तुलनेला हवेत."

"आणि ते उपाशीच?"

"काम झालं की त्यांचेही सोडू. तुमच्याच हाताने."

बाबा उठले. झाकून ठेवलेल्या शिलाई मशीनचा खण त्यांनी ओढला, आतली टेप काढून फुंकर मारली आणि गळ्यात अडकवली. दुकान बंद केल्यापासून ती तिथेच पडून होती.

"आधी मापं घेऊ," ते म्हणाले. "अंदाजाने मी कुणाचं सैल करत नाही."

गुडघ्याची आठवण दोघांनीही काढली नाही.