कॉर्बिनच्या बदकाचा डोळा

माझ्या नवऱ्याचा, गार्लंडचा, जन्म खेकडे आणि कालवं काढण्यात गेला. आमचा पोरगा कॉर्बिन खाडीत बुडाला आणि गार्लंडने बोट धक्क्याला बांधली ती बांधलीच. दिवसभर खिडकीत बसून खाडीकडे बघायचा. शेवटी मीच वैतागून त्याला चर्चच्या हॉलमधल्या लाकडी बदकं करायच्या वर्गात ढकललं. पाण्यात सोडून खऱ्या बदकांना फसवायची शिकारीची बदकं नव्हेत, कपाटावर मांडायची शोभेची. म्हटलं, घरात भुतासारखा बसतोस, त्यापेक्षा लाकूड तास.

आणि काय सांगू, माणूस रमला! एकेक पीस रंगवायला लागला, जेवताना दोन शब्द बोलायला लागला. मला बरं वाटायचं आणि रागही यायचा. पोरगा काय त्याचा एकट्याचा होता? माझं मन रमेल असं मला काही सापडलं नव्हतं.

मला होतं ते शेडमधल्या शिकारीच्या बदकांच्या ढिगातलं कॉर्बिनचं बदक. लहान असताना त्याने रंगवलेलं. डोक्याचा तांबडा रंग पार पाठीवर ओघळलेला, एक डोळा जागेवर आणि दुसरा खाली गालावर. गार्लंड पोट धरून हसला होता. कॉर्बिन ठसक्यात म्हणाला होता, "ते खाली बघतंय, शिकारी लपलाय का ते!" गार्लंड बाहेर गेला की मी ते मांडीवर घेऊन बसायची आणि पुन्हा ढिगात ठेवून द्यायची.

वसंतातल्या प्रदर्शनात गार्लंडच्या बदकाला पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळाली. लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते. मीही मिरवत पुढे गेले, बदक हातात घेतलं आणि बोटाला चोचीचा टवका लागला. कॉर्बिनने आपलं बदक धक्क्यावर आपटलं होतं, तेव्हाचा. गेले काही महिने ते ढिगात दिसत नव्हतं; मला वाटलं होतं, खाली कुठेतरी दबलं असेल.

शिकारीची बदकं दर उन्हाळ्यात खरवडून नव्याने रंगवायची, हे आमच्याकडे बापजाद्यांपासून चालत आलेलं. दर उन्हाळ्यात कॉर्बिन आपलं बदक आधीच बाजूला काढून ठेवायचा, म्हणून ते वाचलं होतं. वर्गात सरावाला जुनं बदक आणायला सांगितलं होतं. गार्लंडने ढिगातलं हाताला आलं ते न बघताच उचललं, सवयीने खरवडलं आणि त्याचंच शोभेचं बदक केलं. आता बाजूला काढून ठेवणारं कोण होतं?

परतताना गाडीत मी एवढंच म्हणाले, "कॉर्बिनचं होतं ते."

त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. फीत त्याच्या खिशात होती.

दुसऱ्या दिवसापासून शेडचं दार बंद. त्याने काचेचे डोळे उपसले, पिसं पुसली, तांबडा रंग पाठीवर ओघळू दिला. तेवढं जमलं. डोळा काही जमेना. गालावर काढला तरी गोल, नेटका, चमकदार यायचा. पुसायचा, पुन्हा काढायचा. डाव्या हाताने काढून पाहिला, तोही नेटकाच. मी कॉफी घेऊन गेले, तर म्हातारा हुंदके देत होता.

त्याने ब्रश माझ्या हातात दिला. म्हणाला, "तू काढ, व्हर्ना. तुला येत नाही."

मी गालावर ब्रश टेकवला. डोळा वाकडा आला, चांगलाच वाकडा. आम्ही दोघं वाकून त्याच्याकडे बघत राहिलो.

"हा त्याचा नाही," गार्लंड म्हणाला.

नव्हताच. मी फडकं घेतलं आणि रंग ओला होता तोवर पुसून टाकला.