रमाकांतकाकांचं पान

अक्षदाने परळमधल्या गावकऱ्यांच्या मंडळाची वेबसाइट केली ती हौसेने, आणि सगळ्यात जास्त जीव ओतला तो म्हाताऱ्या मंडळींच्या पानात. साठीपुढच्या माणसाने लॉगिन केलं की त्याला वेगळंच पान दिसायचं: टपोरी अक्षरं, पूजेची तारीख, पत्ता आणि फोन लावायचं मोठं बटण. बाकीची गर्दी तिने काढूनच टाकली. तिच्या मोठ्या काकांचं, रमाकांतांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं; सगळा खटाटोप त्यांच्यासाठी. पोरगी हुशार, पण माणसांच्या बाबतीत जरा कच्चीच.

पूजेला सगळे जमले, आणि काकांचा पत्ता नाही! देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. ते गावासाठी मागणार, बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणणार, तेव्हा कुठे प्रसाद वाटायचा. सेक्रेटरी लवू घामाघूम झाला. अक्षदा धावतच काकांच्या खोलीवर गेली.

काका बनियनवर बसले होते, तोंड फुगवून.

“काका, चला ना! सगळे खोळंबलेत.”

“माझा थंय काय काम? सगळ्यांच्या फोनात कार्यक्रम आसा म्हणतत. माझ्या फोनात नुसतो पत्तो. पावण्यांका धाडतत तसो. मान काढलास, तर तोंडावर सांगूचा होता.”

अक्षदाने घाईघाईने आपला फोन त्यांच्यापुढे धरला. काकांनी तो हातभर लांब नेला, डोळे बारीक केले. कार्यक्रमात लिहिलं होतं, ‘गाऱ्हाणं: रमाकांत’.

“मगे माका कित्याक नाय दाखवलंस?”

“तुमच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून.”

काकांनी फोन तिच्या हातात परत दिला. मग हळूच म्हणाले, “अक्षरां मोठी कर गो बाय. पण सगळ्यांका दिसता, ता माका दिसाक व्हया.”

उंबऱ्यातच बसून तिने म्हाताऱ्यांचं ते वेगळं पान बंद केलं आणि त्यांनाही सगळ्यांचंच पान दिलं, फक्त टपोऱ्या अक्षरांत. तोवर काकांनी सदरा चढवला होता.

गाऱ्हाणं रंगलं. गाव झालं, पीकपाणी झालं, पोरांच्या नोकऱ्या झाल्या. शेवटी काकांनी आवाज चढवला, “आणि ज्या चेडवान आमच्या डोळ्यांची काळजी केल्यान, तिच्या हाताक येश दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे ओरडले. अक्षदाला मात्र ते म्हणता आलं नाही. ती ओढणीत तोंड लपवून रडत होती.