पिल्याचा अळणी टोप

मित्रांनो, माझी ओळख करून घ्यायची असेल तर आधी वाकून माझ्या तळाशी बघा. दिसले का ते सहा-सात पांढरे ठिपके? त्यांवरून बोट फिरवा, खरखरीत लागतील. मी एक जुना जर्मलचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, टोप आहे. बाहेरून काळाकुट्ट, काठाला दोन पोचे, आणि झाकण तर मुळात दुसऱ्याच भांड्याचे. पण माझ्या अंगावरचा सगळ्यांत मोठा दागिना कोणता असे विचाराल तर मी हे ठिपकेच दाखवीन. का, तेच तर सांगायचे आहे.

माझा जन्म एका कारखान्यातला. गोल पत्र्यावर यंत्राचा दाब धाडकन बसला आणि पापणी लवायच्या आत मी खोलगट झालो. तिथून फिरत फिरत मी रतनबाई बोहारणीच्या पाटीत आलो. तिने लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याला कोंडाजी आबांच्या दारात पाटी उतरवली आणि दोन जुन्या पँटी नि एका साडीच्या बदल्यात मी त्या घरचा झालो. "दोन पँटीत येवढाच व्हय?" असे आबा म्हणाले होते. मला ते जरा लागलेच, खोटे कशाला बोलू!

आबांचे घर नागफणीच्या कड्याच्या वाटेवर. घरापुढच्या मांडवातच त्यांची चहाची टपरी. तिथे मी सोळा वर्षे चुलीवर काढली. धुक्यात गारठलेली ट्रेकची पोरे यायची, आल्याचा नि गवती चहाचा वास घेत माझ्याभोवती हात शेकत उभी राहायची. एकाने तर चहा पिऊन आबांना सोडून मलाच हात जोडले होते. दूध, साखर, चहापूड, आले हीच काय ती माझी माणसे. मिठाचा आणि माझा कधी संबंधच आला नाही. एवढे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच टपरीत एक दिवस पिल्या आला. तेव्हा तो माझ्यात सहज मावला असता. कुत्र्याच्या पिल्लाला नाव काय ठेवायचे हे ठरेपर्यंत सगळे त्याला पिल्या म्हणू लागले आणि तो तेरा वर्षांचा म्हातारा झाला तरी पिल्याच राहिला. पाहुण्यांना कड्यापर्यंत वाट दाखवायची, परत आणून सोडायचे, आणि दिवसभर घराची राखण करायची, ही त्याची नोकरी. पगार म्हणून बिस्किटे, वडापावचा तुकडा, भज्यांचा चुरा, चिक्की, जो जे देईल ते. पण त्याआधी एक गोष्ट ठरलेली. आबांच्या घरात पहिला घास राखणीच्या कुत्र्याचा. स्वतः तोंडात घालण्याआधी आबा भाकरी-कालवणाचा एक घास पिल्याला हाताने भरवायचे. तेरा वर्षांत ही रीत एकदाही चुकली नव्हती.

पुढे आबांच्या सुनेने, म्हणजे अनिताने, गॅस आणला आणि स्टीलचे मोठे पातेलेही. मी बाकड्याखाली गेलो, नंतर कोंबड्यांना पाणी ठेवायला अंगणात. कोंबड्या पाणी पितात ते ठीक आहे हो, पण त्या काठावर बसतात आणि मग... जाऊ द्या.

पण अंगणात होतो म्हणूनच सगळ्यांच्या आधी मला कळले. पिल्या दिवसातून तीन-तीनदा मला रिकामा करू लागला. एवढे पाणी तो उन्हाळ्यातही कधी प्यायला नव्हता. त्याच्या बरगड्या दिसू लागल्या. ट्रेकची पोरे निघाली की तो उठायचा, चार पावले जायचा आणि परत येऊन बसायचा.

अनिताची मुलगी सृष्टी नववीत आहे. तिने आईला घेऊन त्याला रिक्षाने लोणावळ्याला डॉक्टर ज्योत्स्नांकडे नेले. रक्त तपासले, तर पिल्याची मूत्रपिंडे थकली होती. डॉक्टरांनी औषध दिले आणि पिल्याचा रिपोर्ट बघून एका कागदावर जेवण लिहून दिले. इंद्रायणी तांदळाची मऊ शिजवलेली कणी, लाल भोपळा, अंड्याचा पांढरा भाग, थोडेसे उकडलेले चिकन. मीठ नाही, मसाला नाही, कांदा-लसूण नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याचा तुकडा तर नाहीच. महिन्याने परत तपासायचे. रक्तातले आकडे उतरले नाहीत तर रोज सलाइन, आणि या वयात ते किती सोसेल हे सांगता येत नाही, असेही त्या म्हणाल्या.

सृष्टीने ओढणी खोचली. कुत्र्याचे वेगळे भांडे घे, असे आईने बजावताच तिने मला अंगणातून उचलले, राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासून घासून असा लख्ख केला की माझे तोंड मलाच दिसले असते! आबांचा भाकरी-कालवणाचा घासही तिने बंद केला आणि टपरीवर पुठ्ठा लावला: पिल्या पथ्यावर आहे, कृपया लाड करू नका. लोक त्या पुठ्ठ्याचेच फोटो काढू लागले. आणि मी, कोंबड्यांचा पाणवठा, पुन्हा चुलीवर! आनंदाने नुसता रटरटत होतो.

पण पहिल्या दिवशी सृष्टीने ठेवलेली ताटली पिल्याने हुंगली आणि मान फिरवली. दुसऱ्या दिवशीही तेच. तो नुसता आबांकडे बघत बसला. आबांचा जीव वरखाली होऊ लागला.

"मुक्या जनावराला अळणी घालतीस व्हय?" ते म्हणाले. "तेरा वर्सं आपलं मीठ खाल्लं त्यानं. आता म्हातारपणी तोडायचं?"

डॉक्टरांनीच सांगितलंय, असे सृष्टी म्हणाली.

"डाक्टरीण बाई हुशार असंल. पर तिच्या दारात पिल्यानं राखण न्हाई केली."

तिसऱ्या दिवशी सृष्टी कणी शिजवून शाळेला गेली. आबांनी इकडे तिकडे बघितले, माझे झाकण उचलले आणि खडेमिठाची चिमूट आत सोडली. बोटांनी थोडे कालवले, घास केला आणि पिल्यासमोर धरला. पिल्या खाऊ लागला! आबांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. संध्याकाळी ताटली चाटूनपुसून साफ बघून सृष्टी अंगणात नाचली. तू अभ्यास कर, त्याचं मी बघतो, असे आबांनी जाहीर करून टाकले.

रोजच्या चिमटीतले मिठाचे खडे मात्र दिवसभर माझ्या तळाशी बसून असत. मला सगळे ठाऊक होते. मी ओरडलो असतो, पण मित्रांनो, टोप ओरडतो तो पडल्यावरच.

महिन्याने आकडे उतरायचे तर राहोच, उलट वाढले. घरात आणखी काही दिले जाते का, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा सृष्टीने शपथेवर नाही म्हटले. घरी येऊन ती मला घासायला बसली आणि रडू लागली. आपलेच काहीतरी चुकले, भोपळा जास्त झाला की चिकन, काही कळेना. नाक ओढत ती जोरजोरात घासत होती आणि तिचे बोट माझ्या तळाशी अडखळले. पुन्हा घासले. ठिपके जाईनात. तिने आईला हाक मारली.

अनिताने एकदाच बोट फिरवले. "हे मिठाचे. जर्मलात खडेमीठ राहिलं की ते पत्रा खातं."

दोघींनी एकमेकींकडे बघितले. घरात माणसे तीनच, त्यांतल्या दोघी इथे बसलेल्या. सृष्टीने डोळे पुसले, मला उचलले आणि नेऊन आबांच्या मांडीवर ठेवले.  त्यांचे बोट धरून त्या ठिपक्यांवर टेकवले.

आबा बराच वेळ बोट फिरवत राहिले.

"मिठानं केलं ह्ये?"

"एका महिन्यात, आबा."

"पत्र्याचं ह्ये हाल, तर त्याच्या पोटात..." त्यांनी बोट काढून घेतले. मग हळूच म्हणाले, "पर न्हाई घातलं तर त्यो खात न्हाई, पोरी. उपाशी मारू का त्याला?"

आता मला वाटले, सृष्टी चिडणार. पण ती विचार करत होती. पहिले दोन दिवस ताटली कोणी ठेवली, आणि तिसऱ्या दिवसापासून घास कोणी दिला, हे तिने मनातल्या मनात जुळवले असावे.

"उद्या मीठ तेवढं नको," ती म्हणाली. "बाकी सगळं रोजच्यासारखंच करा. तुम्हीच करा."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आबांनी माझ्यातली कोमट कणी घेतली, भोपळा कुस्करला आणि घास पिल्याच्या तोंडाशी नेला.  पिल्याने हुंगले. थांबला. मला तर वाटले, चुलीतली लाकडेही तडतडायची थांबली. मग त्याने घास अलगद उचलला, गिळला आणि आबांचा तळवा चाटून पुढचा मागितला.

आबांनी एक शीत स्वतःच्या जिभेवर ठेवून बघितले आणि तोंड वाकडे केले. "लय वंगाळ लागतंय की गं. आन् ह्यो खातोय!"

"मग तो मीठ कधी मागत होता?" सृष्टी म्हणाली. "तुमच्या हातचा पहिला घास मागत होता. तोच मी बंद केला होता."

आबांनी आपल्या तळव्याकडे बघितले आणि तोंड फिरवून चुलीत उगाचच फुंकर मारली. धूर डोळ्यांत गेला म्हणाले. चूल तर चांगली पेटलेली होती.

त्यानंतरच्या तपासणीत आकडे थोडे उतरले. मूत्रपिंडे काही नवी होणार नाहीत, पण असेच सांभाळलेत तर त्याचे दिवस चांगले जातील, असे डॉक्टर म्हणाल्या. आता पिल्या कड्यापर्यंत जात नाही, पण पोरांना पहिल्या वळणापर्यंत सोडायला जातो आणि परत येतो ते शेपूट वर करून. नवीन टोप आणू या, असे अनिताने परवा सुचवले तर आबांनीच तिला अडवले. चूल पेटवण्याआधी ते रोज माझ्या तळाशी बोट फिरवतात.

मित्रांनो, तुमच्याही दारात एखादे म्हातारे कुत्रे असेल, मांजर असेल. आपण जे प्रेमाने घालतो ते त्याला सोसते का, हे जाणत्या डॉक्टरांना एकदा जरूर विचारा. आणि त्याचे अन्न बदलावे लागले तर बदला, पण भरवणारा हात बदलू नका.

बघा, कणी शिजली. आबा पाटावर बसलेत आणि पिल्या समोर येऊन उभा आहे. शिजवले कोणात, याचे त्याला काही नाही. त्याची नजर आबांच्या बोटांवर आहे. मला त्याचा मुळीच राग येत नाही.