ऑरिनच्या दगडावरचा हिरवा डाग

तोंड वर करून सांगावं असं माझ्याकडे आता काही उरलेलं नाही, मित्रांनो. तरी सांगतो. मी गवत कापणारा एक लाल मोवर, वय वर्षं बावीस. विस्कॉन्सिनमधल्या एका लहानशा गावाच्या दफनभूमीत माझं आयुष्य गेलं.

माझा मालक ऑरिन टॉलेफसन. तरुणपणी नौदलात होता, म्हातारपणी दफनभूमीचं गवत फुकट कापायचा. माणूस भारी काटेकोर! दव वाळल्याशिवाय मला शेडबाहेर काढायचा नाही. गवत माजलेलं असलं की पाती उंच ठेवून आधी वरवरचं कापायचा, खालचं दोन दिवसांनी. काम संपलं की इंजिन चुकून सुरू होऊ नये म्हणून प्लगची वायर काढून मला ठोकळ्यांवर टेकवायचा आणि पोटाखालच्या पत्र्याला चिकटलेला गवताचा लगदा लाकडी पट्टीनं खरवडायचा. त्याची बायको व्हर्ना म्हणायची, "माझी भांडी कधी इतकी घासली नाहीस!" मला फार बरं वाटायचं तेव्हा.

जानेवारीत ऑरिन गेला. मी त्याच्या धाकट्या भावाकडे, ग्लेनकडे आलो. ग्लेन मनानं चांगला, पण घाई त्याच्या पाचवीलाच पुजलेली. वसंतात दर वेळी कापणी झाली की मला तसाच ओला शेडमध्ये ढकलायचा. पोटातला लगदा थरावर थर वाळत गेला.

मेच्या शेवटच्या सोमवारी, दिवंगत सैनिकांच्या स्मरणदिनी, आमचं गाव दफनभूमीत मिरवणुकीनं येतं आणि सैनिकांच्या थडग्यांपाशी उभं राहतं. यंदा जुना नौसैनिक म्हणून ऑरिनच्या थडग्यापुढेही पहिल्यांदाच झेंडा लागणार होता.

"ग्लेन, त्या दिवशी त्याच्याभोवती नीटनेटकं दिसलं पाहिजे हं," व्हर्ना महिनाभर म्हणत होती.

"वहिनी, तुम्ही चिंताच सोडा!"

मग दहा दिवस पाऊस पडला. गवत गुडघ्याला लागलं. शनिवार-रविवार लख्ख उघडीप होती, पण ग्लेन मासे धरायला गेला. सोमवारी सकाळी, गवत दवानं चिंब असताना, त्यानं पाती अगदी खाली केली आणि मला दामटलं.

मला श्वास घेता येईना. पात्यांना फिरायला जागाच नव्हती. गवत बाहेर फेकायचं भोक बुजलं. मी कापत नव्हतो, नुसता चिरडत होतो. ऑरिनच्या थडग्याशी वळलो आणि तुंबलेलं सगळं भसकन सुटलं. नव्या पांढऱ्या दगडावर, थेट त्याच्या नावावर.

व्हर्ना फुलं घेऊन तिथंच उभी होती.

"हा खटारा भंगारातच घालायला हवा, वहिनी!" ग्लेन ओरडला.

"त्याला काय बोलतोस? एकदा तरी वाकून त्याचं पोट बघितलंस?"

ग्लेननं मला बंद केलं, वाकून बघितलं. त्याचे कान लाल झाले.

व्हर्ना गुडघ्यांवर बसून रुमालानं दगड पुसू लागली. लगदा निघाला, हिरवा डाग निघेना. मिरवणुकीचा बँड फाटकाशी आला. लोकांनी टोप्या काढल्या. ती पुसतच होती.

मित्रांनो, मोवर कुणाचाही असो, त्याचं पोट बघत जा. ओल्या गवतात त्याला दामटू नका. ज्यानं इतकी वर्षं माझं पोट आपल्या हातानं साफ ठेवलं, त्याच्याच नावावर मी भर सकाळी घाण ओकलो. आणि ती पुसायला त्याच्या बायकोला ओल्या मातीत बसावं लागलं.